खुंट्या

वुआहिराना बाईंनी पहिल्या वर्षी अकरा खुंट्या ठोकल्या,
घळीच्या काठापासून आमच्या थडग्यापर्यंत,
दर दोन मीटरवर एक.
टेपचं दुसरं टोक माझ्या हातात.
दिवसाची मजुरी, वर दुपारचा भात.
मोजून काय होणार, हे मी तेव्हा विचारलं नाही.

आम्ही हिला लवाका म्हणतो. लवाका म्हणजे भोक.
वर पोट, खाली चोच.
मादागास्करच्या मधल्या डोंगरांवर अशी किती, कोण मोजणार.
विमानातून पाहून आलेला एकजण म्हणाला,
कुणीतरी जमिनीचे लचके तोडलेत.
आम्ही विमानातून पाहिलेलं नाही.
आम्ही खालून पाहतो, भाताच्या खाचरातून,
जिथे ते लचके येऊन पडतात.

कुणी केलं, यावर गावात दर मोसमात भांडण.
दादाबे गवत पेटवायचे,
काळ्या राखेतून हिरवा कोंब यावा, बैलांनी तो खावा म्हणून.
त्यांचे वडीलही पेटवायचे.
काका म्हणतात, आगीला काय बोलता, वाट बैलांनी पाडली:
एकामागे एक, वर्षानुवर्षं एकाच रेघेत,
आणि पाणी त्यांचं बघून उतरायला शिकलं.
मास्तर म्हणतात, जंगल गेलं.
कुठलं जंगल, ते आमच्यापैकी कुणी पाहिलेलं नाही.

बाईंनी काठावरचं एक ढेकूळ उचललं.
वरचा थर विटेसारखा. आपटला तर वाजला.
खालचा बोटांत धरला,
तर रव्यासारखा ओघळून गेला.
खडकच आहे तो, म्हणाल्या,
ऊन-पावसाने आतल्या आत कुजवलेला,
सत्त्व धुऊन नेलं, गंज तेवढा ठेवला.
विटेला एकदा तडा गेला, की रवा कुणाचं ऐकत नाही.
आग, खूर, पाऊस, सगळे थोडे थोडे खरे.
काही घळी तर माणूस इथे यायच्या आधीच्या.

दादाबेंना हे ऐकून बरं वाटलं असतं.
शेवटची दोन वर्षं त्यांनी काडेपेटीला हात लावला नव्हता,
चिलीमसुद्धा दुसऱ्याकडून पेटवून घ्यायचे.

दुसऱ्या वर्षी दहा खुंट्या.
तिसऱ्या वर्षीही दहा.
मामींनी काठाने वाळा लावला, बाईंनी त्याचा फोटो काढला.
चौथ्या फेब्रुवारीत वादळ आलं.
दोन रात्री पत्र्यावर कुणी खडी ओतत होतं.
सकाळी टेप घेऊन वर गेलो,
तर उभ्या फक्त तीन,
आणि तिसरीच्या मुळाशी वारा हलत होता.

खाली आमच्या खाचरात गुडघाभर लाल वाळू.
तिच्यात काही रुजत नाही.
मातीमोल हा शब्द ज्याने काढला,
त्याच्या शेतात कधी
दुसऱ्याच्या डोंगराची माती फुकट आली नसणार.
नदीही लाल. समुद्र म्हणे कित्येक कोस लाल.
तेवढं लांब आमच्या घरातलं कुणी गेलेलं नाही.

थंडी येईपर्यंत थांबलो,
पूर्वज पावसात उठत नाहीत.
जुलैत थडगं उघडलं.
दादाबे हलके होते, नव्या रेशमात नीट मावले.
त्यांच्या शेजारची पणजी, रासुआवेलु,
तिचं जुनं वस्त्र उचललं तर आत हाडच नव्हतं.
मूठ-दोन मूठ बारीक माती, तांबूस,
डोंगराची कुठली, तिची कुठली, सांगता येईना.
काका क्षणभर थांबले.
मग मामींनी पदर पसरावा तसं रेशीम पसरलं
आणि सगळी भरून घेतली, कोपऱ्यातलीसुद्धा, बोटाने.

गाठोडं माझ्या डोक्यावर दिलं.
वाजंत्री पुढे, आम्ही मागे, पलीकडच्या खडकाळ माथ्यावर.
वाटेत बाई भेटल्या, टेप गळ्यात.
त्यांनी चप्पल काढली.

एवढ्या वर्षांत या डोंगरावरून वर गेलेली
तेवढीच माती.

उतरताना मी उरलेल्या खुंट्या बघून आलो.
तीनच आहेत.
चौथी कुठे ठोकायची, ते बाईंनी अजून सांगितलेलं नाही.